मदत हवी आहे : दोन सीटचं 'मारुत' कुठे शिल्लक आहे का?

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. माझे मामा एअरफोर्समध्ये फिटर होते, जोधपूरला एचएफ-२४ मारुत या आपल्याकडे बनलेल्या लढाऊ जेट विमानावर. आता वय ७८, मुक्काम अमळनेर. दिवाळीत त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक फोटो सापडला. विमानाच्या नाकाशी मामा उभे, हातात पाना, आणि मागे लांबलचक काच, तिच्याखाली एकामागे एक दोन सीट. शेपटीवरचा नंबर मात्र ओलीनं गेलाय.

म्हणजे हे ट्रेनर, वैमानिकांना शिकवायचं दोन सीटचं मारुत, मार्क १टी. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या आराखड्यावर बंगळुरूच्या एचएएल या सरकारी विमान कंपनीनं एकूण १४७ मारुत बांधली, त्यात ट्रेनर फक्त १८. पहिलं ट्रेनर उडालं १९७० साली. पोटातला रॉकेटचा खण काढून तिथे दुसरी सीट बसवली होती. मामा म्हणतात, "भाऊ, त्या जागेत हात घालायचा म्हणजे कोपर सोलून निघायचं!"

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत आहे, जर्मनीत म्यूनिकजवळ श्लाइसहाइमलाही एक आहे, एवढं माहीत आहे. पण मला हवंय दोन सीटचं. कुठल्या चौकात, कॉलेजात, एअरफोर्स स्टेशनच्या गेटबाहेर कुणी पाहिलंय का? फोटो कृपा करून बाजूने काढा. सगळे नाकासमोर उभं राहून सेल्फी काढतात, मग सीट किती ते कळतच नाही.

जळगावहून रेल्वेनं एका रात्रीत पोचता येईल असं ठिकाण असेल तर आधी सांगा. मामांचे गुडघे त्याहून लांब जाऊ देत नाहीत.