पावसात नेट गेलं की सर्व्हरवरचं काम मधेच मरतं, काय करता तुम्ही?

फोंड्याचा_पाऊस:
घरनं काम करतो, फोंड्याला. जून लागला की करंटचा भरवसा नाही आणि करंट गेला की राऊटर पण गेला. एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) सर्व्हरवर जाऊन डेटाबेसचं मायग्रेशन (टेबलांची रचना बदलायचं काम) लावतो, ते बराच वेळ चालतं, मधेच नेट गेलं की परत लॉगिन करून बघावं तर मायग्रेशन गायब, अर्धवट टेबलं तशीच. शेवटी कमांडमागे अँपरसँड (&) लावून बघितलं, कधी वाचतं कधी नाही. इन्व्हर्टर घे म्हणू नका, घरमालकाशी बोलणं चालूय. चवथीच्या आधी संपवायचंय हे.

कोकमकढी:
टीमक्स (tmux) वापर रे, कनेक्शन तुटलं तरी आतलं टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम. पण लॅपटॉपवर नाही, सर्व्हरवर! आधी एसएसएच, आत गेल्यावर टीमक्स, त्यात मायग्रेशन. नेट गेलं तर जाऊ दे, परत आत जाऊन 'टीमक्स अटॅच' मारलं की काम चालूच असतं. आपणहून बाहेर यायचं तर कंट्रोल-बी, मग डी.
अँपरसँडने काम नुसतं बॅकग्राउंडला जातं. कनेक्शन मेल्याचं सर्व्हरला कळलं की टर्मिनल बंद होतं, बॅशला (तुझ्या कमांड चालवणाऱ्या शेलला) सिगहप, म्हणजे टर्मिनल गेल्याचा सिग्नल येतो आणि बॅश तो आपल्या सगळ्या जॉब्सना (चालू कामांना) वाटतो, म्हणून मरतं. नीट 'एक्झिट' टाइप करून बाहेर पडलास तर बॅश सहसा सिगहप पाठवत नाही, तेव्हा वाचत असणार. टीमक्सचा सर्व्हर वेगळाच प्रोसेस असतो, त्याला याचं काही पडलेलं नाही.

म्हापसेकर_शेल:
आणि टीमक्सशिवाय आधीच चालू केलं असेल तर कंट्रोल-झेड (काम थांबवायला), मग 'बीजी' (बॅकग्राउंडला परत चालू करायला), मग 'डिसओन' (बॅशने सिगहप पाठवू नये म्हणून). जॉब वाचेल, पण आउटपुट जुन्या टर्मिनलकडेच जाणार, ते बंद झाल्यावर प्रोग्रामने काही छापायला घेतलं की एरर येऊ शकते. त्यापेक्षा सुरुवातीलाच कमांडच्या आधी 'नोहप' लाव, मग काम सिगहपला जुमानत नाही, आउटपुट नोहप डॉट आउट फाइलमध्ये जातं, 'टेल -एफ' लावून बघत बसायचं.

फोंड्याचा_पाऊस:
टीमक्स आहे सर्व्हरवर, देव बरें करूं! पण माउसने वर स्क्रोलच होत नाही, मागचे एरर कसे बघू?

कोकमकढी:
कंट्रोल-बी, मग उघडणारा चौकोनी कंस, मग पेज-अप. बाहेर यायला क्यू. माउसच पाहिजे तर कंट्रोल-बी, कोलन, आणि 'सेट -जी माउस ऑन'.