शब्दचर्चा : संघाचं नाव बदललं की ‘नामांतर’ झालं?

पुण्याच्या क्रीडासंघांवर एक लेख लिहितो आहे. त्यात दोन ठिकाणी शब्द अडले, म्हणून हा धागा.

पहिलं वाक्य असं आहे : ‘२०१७च्या मोसमाआधी रायझिंग पुणे सुपरजायंट्सचं नामांतर झालं.’ पुन्हा वाचताना ‘नामांतर’ खटकला. कोशात पाहिलं तर अर्थ सरळ आहे : दुसरं नाव, नावातला बदल. पण महाराष्ट्रात हा शब्द कोशातून आलेला नाही, रस्त्यावरून आलेला आहे. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, लाँग मार्च निघाला, आणि विद्यापीठाला ते नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एवढं सोसून जो शब्द मोठा झाला, तो एका क्रिकेट संघाच्या मालकांनी नावाच्या शेवटचा ‘स’ काढला म्हणून वापरायचा?

शिवाय ‘नामांतर झालं’ म्हटलं की कर्ता दिसत नाही. पाऊस पडला, ऊन पडलं, तसं नामांतर झालं. प्रत्यक्षात कुणीतरी ठरवून नाव बदललेलं असतं आणि चाहत्यांना ते बातमीतून कळतं. म्हणून माझं मत, साधं लिहावं : ‘मालकांनी संघाचं नाव बदललं.’

दुसरी अडचण चाहत्यांच्या मनाची. मी लिहिलं होतं, ‘चाहत्यांमध्ये संमिश्र भावना होती.’ या वाक्यातून काहीच कळत नाही. किती बरं वाटलं, किती वाईट, आणि वाईट नेमकं कशाचं? मराठीत हळहळ आहे, हुरहूर आहे, रुखरुख, चुटपुट, घालमेल आहे. यांतला प्रत्येक शब्द वेगळा आहे आणि आपण ते सगळे ‘संमिश्र’ या एका डब्यात कोंबतो. कुठे कुठला शोभेल?

ता. क. : त्या ‘स’बद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तो गेल्यावर मराठीत क्रियापदही बदलायला हवं होतं. ‘सुपरजायंट्स हरले’चं ‘सुपरजायंट हरला’ व्हायला हवं. पण २१ मे २०१७च्या रात्री, हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या १२९ धावांपुढे आपण १२८वर थांबलो, तेव्हा मी आजूबाजूला एकच वाक्य ऐकलं : ‘पुणे एका धावेनं हरलं.’ हरले नाही, हरला नाही. हरलं. नपुंसकलिंगी, एकवचनी, म्हणजे शहर हरलं. त्याच मोसमात मुंबईला साखळीत दोनदा आणि पहिल्या क्वालिफायरमध्ये पुन्हा एकदा हरवल्यानंतरचं ते हरणं होतं. ‘स’ आहे की नाही, याची त्या रात्री कुणाला आठवणही नव्हती.

स्वारगेटकर

नामांतराबद्दल असहमत. शब्द कुणा एका घटनेच्या मालकीचा होत नाही. स्थानकांची, शहरांची, रस्त्यांची नामांतरं होतात आणि वर्तमानपत्रं तसंच छापतात. तुमच्या हिशेबानं उद्या ‘सत्याग्रह’ही फक्त मिठाचाच म्हणावा लागेल. ‘नाव बदललं’ हे बोलण्यात ठीक, पण मथळ्यात नाम हवंच. मग काय लिहाल? ‘नामबदल’? तो समास कानाला बरा वाटत नाही. ‘नामकरण’ म्हणजे पहिल्यांदा नाव ठेवणं. ‘पुनर्नामकरण’ सरकारी अहवालात शोभेल. उरलं ‘नामांतर’च.

उस्मानपुरा ते हडपसर

मी मूळची मराठवाड्यातली, नोकरीमुळे पुण्यात. आमच्या घरी ‘बाबा नामांतरात होते’ असं म्हणतात. पुढे आंदोलन हा शब्द जोडावा लागत नाही. १४ जानेवारीला लोक विद्यापीठाच्या गेटवर जातात, त्या गर्दीत मी लहानपणापासून गेले आहे. त्यामुळे आयपीएलच्या बातमीत ‘नामांतर’ वाचलं की मला क्षणभर थांबावंच लागतं. स्वारगेटकर, शब्द कुणाच्या मालकीचा नसतो हे खरं, पण शब्दाला स्मरण असतं. ज्यांना ते आहे त्यांना विचारून वापरावा, एवढंच.

आणखी एक. १९९४ला जे झालं त्याला ‘नामविस्तार’ म्हणतात, कारण ‘मराठवाडा’ हा शब्द नावात राहिला. पुणे विद्यापीठाचं २०१४ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तेही नामविस्तारच. हा फरक लेखात नक्की पाळा.

धागाकर्ता

ताई, ‘शब्दाला स्मरण असतं’ हे तुम्ही नेमकं सांगितलंत. मनापासून आभार.

तुमचं वाचल्यावर उलट बाजूही दिसली. क्रीडासंघाच्या बाबतीत ‘नामांतर’ हाच शब्द योग्य ठरेल अशी उदाहरणं आहेत, फक्त ती पुण्यातली नाहीत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचं नाव ‘रेडस्किन्स’ होतं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या कातडीच्या रंगावरून केलेली ती हेटाळणी. त्या लोकांनी अनेक दशकं विरोध केला, कोर्टात गेले. शेवटी २०२०मध्ये ते नाव टाकलं गेलं. दोन मोसम संघ नुसता ‘वॉशिंग्टन फुटबॉल टीम’ म्हणून खेळला आणि २०२२ला ‘कमांडर्स’ झाला. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाचं ‘इंडियन्स’ हे नाव १९१५पासूनचं. ते जाऊन ‘गार्डियन्स’ आलं. त्या गावातल्या पुलावर दगडी रक्षकांचे भव्य पुतळे आहेत, त्यांच्यावरून हे नाव घेतलं.

तिथल्या जुन्या चाहत्यांची घालमेल मला समजते. आजोबांचा हात धरून ज्या नावानं ओरडलो, ते नाव दुसऱ्या कुणाला शिवीसारखं लागत होतं, हे कळल्यावर मनात जे होतं त्याला मराठीत ‘घालमेल’च म्हणतात. प्रेमही खरं आणि ओशाळणंही खरं. तिथे नाव बदलण्यामागे माणसांचा मान होता, म्हणून त्याला मी ‘नामांतर’ म्हणेन. आपल्या ‘स’ला नाही.

स्वारगेटकर, मथळ्याचं म्हणाल तर ‘संघाचे नाव बदलले’ यात तीनच शब्द आहेत. मथळ्यात मावतात.

बालेवाडी, वेस्ट ब्लॉक

तुम्ही सगळे क्रिकेटवाले. आम्हा फुटबॉलवाल्यांचं विचारा. एफसी पुणे सिटी २०१४ला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) पहिल्या मोसमापासून बालेवाडीत खेळला. २०१७-१८ला उपांत्य फेरी गाठली. घरच्या सामन्यात बेंगळुरूला गोलशून्य बरोबरीत रोखलं आणि तिकडे जाऊन हरलो, त्यांच्या सुनील छेत्रीनं तीन गोल केले. २०१९मध्ये क्लब बंद पडला, त्याची जागा नव्या मालकांनी घेतली आणि संघ हैदराबादला गेला. हैदराबाद एफसी. आपले काही खेळाडू त्या जर्सीत दिसले.

बऱ्याच ठिकाणी ‘पुणे सिटीचं नाव बदलून हैदराबाद झालं’ असं वाचलंय. हे वाक्य चुकीचंच आहे. नाव बदलत नाही, गाव बदलतं तेव्हा त्याला स्थलांतर म्हणा, नाहीतर सरळ ‘संघ गेला’ म्हणा.

आणि भावनेचं विचारत होता ना? क्लब बंद झाला तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. हळहळ चारचौघांत असते, व्यक्त करता येते, आणि दोन दिवसांत ओसरते. मार्च २०२२मध्ये हैदराबादनं पेनल्टीवर आयएसएल जिंकली, त्या रात्री मला जे वाटलं ती चुटपुट. आपल्या हातून थोडक्यात निसटलेल्या गोष्टीची चुटपुट लागते. हा करंडक आपल्याकडे येऊ शकला असता, हे मनातून जाईना. मी कुणाला बोललो नाही.

स्वारगेटकर

चुटपुट आणि हळहळ यांतला फरक पटला. मग रुखरुख कुठे बसवाल?

बालेवाडी, वेस्ट ब्लॉक

चुटपुट एका प्रसंगाची, रुखरुख राहून जाते. अजूनही बालेवाडीवरून जाताना वाटतं ती रुखरुख.

सदाशिव पेठेतली सून

मला वाटतं, तुम्ही जवळचं उदाहरण सोडून लांब जाताय. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहितात आणि बाईचं नाव बदलतं. माझ्या आजीचं नाव असंच बदललं होतं. सासरी ती नव्या नावानं साठ-सत्तर वर्षं जगली, त्याच नावानं तिला मान मिळाला. पण तिचे भाऊ आले की दारातून जुन्या नावानं हाक मारायचे आणि ती ओ द्यायची. त्या हाकेत तक्रार नव्हती, नव्या नावाचा रागही नव्हता. जुन्या संघाचं नाव जे चाहते सोडत नाहीत त्यांना आपण उगाच हट्टी म्हणतो. ते माहेरची माणसं आहेत. तुमच्या लेखात ‘जुनं नाव’ऐवजी ‘माहेरचं नाव’ असं लिहून पाहा.

यात ‘दिल्ली कॅपिटल्स’ला अजून ‘डेअरडेव्हिल्स’ म्हणणारे माझे दीर बसतात. डिसेंबर २०१८ला बदललंय ते नाव.

धागाकर्ता

वहिनी, ‘माहेरचं नाव’ घेतलं. लेखात येणारच.

यावरून एक मुद्दा मला स्पष्ट झाला. संघाच्या नावाचे दोन भाग असतात : एक गावाचा, एक मालकाचा. मालकाचा भाग बदलला की लोक चार दिवस नावं ठेवतात आणि सवय होते. किंग्ज इलेव्हन पंजाबचं २०२१ला पंजाब किंग्ज झालं, फारसं कुणाचं काही अडलं नाही. गावाचा भाग हलला की लागतं. एफसी पुणे सिटीचं दुःख ते आहे. आणि गावाचा भाग नीट झाला की आनंदही होतो. रॉयल चॅलेंजर्स २०२४ला ‘बँगलोर’चे ‘बेंगळुरू’ झाले, तेव्हा कन्नड चाहत्यांना काय वाटलं असेल ते पुणेकरानं सहज ओळखावं. आपणही ‘पूना’चं ‘पुणे’ होताना पाहिलंय. पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ला काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, त्या क्लबचं नाव अजून तेच आहे, पण मराठी माणूस तेव्हाही गावाला पुणेच म्हणत होता. अशा बदलाला नामांतर म्हणू नये, नामविस्तारही नाही. ती नावाची दुरुस्ती.

आणि सुपरजायंटचं म्हणाल, तर तो संघ मुळातच दोन वर्षांसाठी होता, हे सगळ्यांना माहीत होतं. २०१६ला दुष्काळामुळे हायकोर्टाचा आदेश आला आणि १ मेनंतरचे सामने पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावरून विशाखापट्टणमला गेले. तेव्हाही फार कुणी रागावलं नाही, लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. पुढे २०२१ला त्याच मालकांनी लखनौचा संघ घेतला आणि २०२२ला नाव दिलं ‘सुपर जायंट्स’. काढलेला ‘स’ तिकडे परत आला. तेव्हा जे वाटलं त्याला मी हुरहूर म्हणणार नाही, रुखरुखही नाही. काहीच वाटलं नाही, कारण ‘पुणे’ इथेच राहिलं होतं.

कबड्डी कबड्डी

पुणेरी पलटण या कबड्डी संघाबद्दल कुणीच बोललं नाही? २०१४पासून एकच नाव. १ मार्च २०२४ला हरियाणा स्टीलर्सला २८–२५ हरवून विजेतेपद. आणि ‘पलटण जिंकली’ हे मराठीत किती सहज बसतं. शब्द इंग्रजी ‘प्लाटून’वरून आला म्हणतात, पण आता तो घरातलाच आहे : ‘सगळी पलटण घेऊन आलात!’ एक विनंती. ‘पलटन’ लिहू नका, मराठीत ‘ण’ आहे.

आणि मुंबई इंडियन्सवाले आपल्या चाहत्यांना पलटण म्हणतात, आपल्याकडे संघच पलटण. लेखात गोंधळ होऊ देऊ नका.

उस्मानपुरा ते हडपसर

एक व्यवहारी प्रश्न. जुन्या सामन्याबद्दल लिहिताना कुठलं नाव वापरायचं? दिल्लीचा २०१२चा सामना असेल तर ‘कॅपिटल्स’ की ‘डेअरडेव्हिल्स’? हल्ली तर ‘पूर्वाश्रमीची डेअरडेव्हिल्स’ असंही लिहितात.

धागाकर्ता

‘पूर्वाश्रमीचा’ मूळचा संन्याशासाठी आहे. ज्यानं घरदार, नाव, सगळं मागे टाकलं त्याचा आधीचा आश्रम तो पूर्वाश्रम. दिल्लीनं काही टाकलेलं नाही. मैदान तेच, गाव तेच. तिथे ‘आधीची’ किंवा ‘पूर्वीची’ पुरे.

सामन्याच्या वेळी जे नाव होतं तेच मी लिहिणार. २०१६च्या सामन्यांत ‘सुपरजायंट्स’, २०१७च्या सामन्यांत ‘सुपरजायंट’. पुण्याच्या मैदानाचंही तसंच. २०१२ला त्यावर सहाराचं नाव होतं, पुढे ते गेलं आणि आता ते महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं स्टेडियम आहे. पण कंसात मी प्रत्येक वेळी ‘गहुंजे’ लिहिणार आहे, कारण रिक्षावाल्याला, बसवाल्याला आणि सामना पाहून परतणाऱ्या माणसाला तेच नाव कळतं.