जुन्या सुप्राफोनिक स्नेअरचा क्रोम मुलामा का सुटतो?

प्रश्न : दादरचा ढोलिया

नमस्कार मंडळी. माझ्याकडे लुडविग कंपनीचे दोन जुने स्नेअर ड्रम (खालच्या बाजूला तारा ताणलेले उथळ ड्रम) आहेत. एक चकचकीत क्रोमचा सुप्राफोनिक ४०० आणि दुसरा राखाडी रंगाचा, मुलामा नसलेला ॲक्रोलाइट. दोन्ही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातले असून दोघांवरही कीस्टोन बॅज, म्हणजे त्या काळचा कंपनीचा बिल्ला, आहे. नोकरीनिमित्त शिकागोजवळ राहत असताना घेतले होते, आता मुंबईत आहेत. सुप्राफोनिकवर तेव्हाही टाचणीच्या टोकाएवढे काळसर ठिपके होते, पण इथल्या पावसाळ्यानंतर त्यांच्याभोवती बारीक फोड उठले, आणि बॅजच्या बाजूला तर पापुद्रा सुटून खालून पांढरी भुकटी बाहेर पडू लागली आहे. त्याच फळीवर ठेवलेल्या ॲक्रोलाइटला मात्र काहीही झालेले नाही. दोन्ही शेल, म्हणजे ड्रमचे गोल अंग, ॲल्युमिनियमचेच असताना असे का व्हावे? आणि हे आता थांबवता येईल का?

उत्तर : मुलामेवाला

मी प्लेटिंगच्या धंद्यात आहे, ड्रम वाजवत नाही. त्यामुळे धातूपुरतेच बोलतो. आपण ज्याला क्रोमचा थर म्हणतो तो प्रत्यक्षात फार पातळ असतो. शोभेच्या कामात त्याची जाडी साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन भरते, आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा व छिद्रे असतातच. गंजापासून खरे संरक्षण करतो तो त्याखालचा निकेलचा थर. त्याखाली बहुधा तांबे असते आणि सगळ्यात खाली मूळ धातू.

ॲल्युमिनियमवर हे काम करणे अवघड, कारण हवेचा स्पर्श होताच त्यावर ऑक्साइडचा पडदा धरतो आणि त्या पडद्यावर मुलामा चिकटत नाही. म्हणून आधी झिंकेटच्या द्रावणात बुडवून जस्ताचा अतिशय पातळ थर बसवावा लागतो आणि मग पुढचे थर चढवावे लागतात. झिंकेट देताना धुलाईत थोडी कसर राहिली, तरी त्या जागी मुलाम्याची पकड कच्ची राहते, आणि कारखान्यातून बाहेर पडताना ते कोणालाही दिसत नाही.

आता तुमच्या ठिपक्यांविषयी. निकेल आणि तांबे यांच्या तुलनेत ॲल्युमिनियम फार क्रियाशील आहे : प्रमाण विभव (जितके अधिक उणे, तितका धातू अधिक क्रियाशील) पाहिले तर ॲल्युमिनियमचे उणे १.६६ व्होल्ट, निकेलचे उणे ०.२५ आणि तांब्याचे अधिक ०.३४. एखाद्या छिद्रातून ओलावा आणि मीठ खालपर्यंत पोहोचले की तिथे एक छोटा विद्युतघट तयार होतो, ज्यात झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमची येते. उघडे पडलेले ॲल्युमिनियम टाचणीएवढे आणि भोवतालचा मुलामा सगळ्या शेलभर, त्यामुळे झीज त्या एका बिंदूवर एकवटते आणि खड्डा आत आत जातो. मिठातील क्लोराइड ऑक्साइडचा पडदा फोडते. शिवाय खड्ड्यातले पाणी आम्लधर्मी बनत जाते, म्हणून एकदा सुरू झालेला खड्डा स्वतःच स्वतःला पोसतो. तुम्हाला दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड आणि ऑक्साइड. ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून मुलाम्याला खालून ढकलते. आधी फोड येतो, मग पापुद्रा सुटतो.

तुमच्या ॲक्रोलाइटवर परका धातू बसवलेलाच नाही, त्याला ॲनोडायझिंग केलेले आहे. ॲनोडायझिंगमध्ये ॲल्युमिनियमचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदलून जाड केलेला असतो. त्यावर ओरखडा पडला तरी शेजारी निकेल किंवा तांबे नसल्याने घट तयार होत नाही.

उत्तर : रिमशॉट

वरचे विवेचन उत्तम आहे. त्यात वादकाच्या बाजूने थोडी भर घालतो. वादकांमध्ये सगळा दोष घामाला देण्याची पद्धत आहे. माझ्या मते घाम निमित्त ठरतो, पण रोग जडतो तो धातूंच्या या जोडीमुळे. अगदी सुरुवातीच्या, म्हणजे १९६० च्या आसपासच्या सुपर लुडविग (सुप्राफोनिकचे आधीचे नाव) ड्रमचे शेल पितळी असत. पुढे कंपनीने ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरायला सुरुवात केली आणि त्याला लुडअलॉय असे नाव दिले. घाम दोन्ही प्रकारच्या ड्रमवर सारखाच पडला, दोन्ही धुराने भरलेल्या क्लबांत वाजले, तरी पोपडे धरण्याबद्दल बदनाम झाले ते ॲल्युमिनियमचेच. पितळ आणि निकेल यांच्यात तेवढे अंतर नसल्याने पितळी शेलवर मुलामा झिजतो, डागाळतो, पण असा फुगून उचलला जात नाही.

ड्रमचे बाकीचे भागही एकाच धातूचे नाहीत. लग, म्हणजे शेलवर बसवलेले, ताणाचे स्क्रू धरणारे तुकडे, जस्ताच्या ओतकामाचे असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागाजवळ राहिलेल्या हवेच्या पोकळ्यांमुळे त्यांवरही बारीक फोड येतात. पोलादी हूपवर, म्हणजे चामडे ताणून धरणाऱ्या कड्यावर, मात्र ठिपका लालसर दिसतो, कारण तो लोखंडाचा गंज असतो. हूप पोलादी आहे की पितळी हे लोहचुंबकाने चटकन कळते. शेलसाठी लोहचुंबक उपयोगाचा नाही, कारण पितळ आणि ॲल्युमिनियम दोन्ही त्याला दाद देत नाहीत. तिथे वजनावरून ओळखावे, पितळ तिपटीहून अधिक जड असते.

आवाजाची चिंता मात्र नसावी. शेलच्या बाहेरच्या अंगावरचे खड्डे ऐकू येत नाहीत. जिथे चामडे टेकते ती कड खरखरीत झाली, तरच सूर लावताना त्रास होतो. लेड झेपेलिनचा ड्रमवादक जॉन बॉनमच्या हातातले ६.५ इंच खोलीचे ४०२ हेही याच कुळातले, आणि स्टुडिओत या मालिकेला आजही मान आहे तो आवाजामुळे, चकाकीमुळे नव्हे.

दादरचा ढोलिया

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका आहेत. घरात पितळेची भांडी चिंच-मिठाने घासतात, त्याने हे डाग जातील असे सुचवले जात आहे. दुसरे म्हणजे, शेल सोलून पुन्हा क्रोम करून घ्यावे का?

उत्तर : मुलामेवाला

चिंच-मीठ कृपया शेलजवळही नेऊ नका. आम्ल आणि क्लोराइड या दोन गोष्टींपासून त्याला वाचवायचे आहे, आणि तुम्ही त्या दोन्ही एकाच वाटीत कालवून त्याला चोळणार. घासणीची पावडर किंवा खरखरीत पॉलिशही नको, कारण पाव मायक्रॉनच्या थरातून घासून काढायला फारसे काही शिल्लक नसते.

पुन्हा क्रोम करण्याविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. क्रोम उतरवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे हायड्रोक्लोरिक आम्ल ॲल्युमिनियमलाही खाते. खड्डे बुजवायचे तर शेल घासून पातळ करावे लागते, त्यात कडेचा आकार बिघडण्याची भीती असते. शिवाय क्रोमचे द्रावण कोनाकोपऱ्यांत नीट पोहोचत नाही, म्हणून शेलच्या मधल्या उठावाच्या बेचक्यात थर पुन्हा पातळच बसेल. इतके करून धातूंची जोडी तीच राहणार. संग्राहकांच्या लेखी मूळ मुलाम्याचा डागाळलेला ड्रम बहुधा नव्या मुलाम्याच्या ड्रमपेक्षा सरस ठरतो, हेही लक्षात घ्या.

थांबवायचा आहे तो ओलावा. साधे मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपणहून पाणी ओढून विरघळते. हिवाळ्यात हीटर चालणाऱ्या शिकागोच्या घरात हवा कोरडी असल्याने खड्ड्यांतले मीठ सुकून निपचित पडले असावे. मुंबईच्या पावसाळ्यात तेच ओले होऊन कामाला लागले. म्हणून हार्डवेअर उतरवून शेल कोमट, शक्यतो शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा, म्हणजे मीठ निघेल. मग पूर्ण कोरडे करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. सुटलेले पापुद्रे ओढून काढू नका, त्याबरोबर चांगला भागही निघतो.

उत्तर : रिमशॉट

साठवणुकीबद्दल एक सूचना. अस्तर लावलेल्या बंद केसमध्ये ड्रम महिनोन्महिने ठेवू नका. फोम ओलावा धरून ठेवतो आणि शेलचा जो भाग त्याला टेकतो तिथे ठिपके आधी येतात. केस वापरायचीच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा एक छोटा मापक आत ठेवा, आणि काटा ५० च्या वर सरकू लागला की पुड्या तापवून पुन्हा कोरड्या करा. वाजवून झाल्यावर हूप आणि शेल यांच्यामधली खाच आठवणीने पुसावी. घामाचे थेंब तिथेच साचतात. पोलादी हूपवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासला की निघतो, पण हूप आधी ड्रमवरून काढून घ्या, आणि तो उपाय शेलवर करू नका.