हिंजवडीचा जॉब सोडून थेऊरच्या पुढं नदीच्या कामाला जावं का?

मुठाकाठची:
नमस्कार मंडळी. वय ३१, हिंजवडीत डेटा ॲनालिस्ट आहे, ८ वर्षं झाली. राहायला सिंहगड रोडला, एकतानगरीत. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं, तळमजल्यावरच्या आजींना आम्ही चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यातून वर आणलं, तेव्हापासून नदी डोक्यातून गेलीच नाहीये. गेलं वर्षभर रविवारी एका छोट्या ग्रुपबरोबर जाते. मुळा-मुठा पुण्यातून बाहेर पडून थेऊर, कोरेगाव मूळ करत रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, त्या पट्ट्यातल्या गावांत त्यांचं काम आहे. पाणी तपासणं, शाळेतल्या मुलांना नदीवर नेणं, उसाचं पाचट न जाळता शेतातच कुजवायला लावणं असं सगळं. आता ते म्हणतायत फुलटाइम ये. पगार आत्ताच्या एक तृतीयांश, फ्लॅटचा हप्ता अजून ४ वर्षं आहे. नवरा म्हणतो जमवू आपण, आई गप्प आहे (आई गप्प असली की मला जास्त टेन्शन येतं). ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा, रोजचं काम नक्की कसं असतं, आणि माझ्यासारखीचा तिथे उपयोग काय?

ओढ्याकाठी:
मी ६ वर्षं केलंय असं काम, त्या पट्ट्यात नाही, इंद्रायणीच्या बाजूला. रोजचं काम म्हणजे ७० टक्के माणसांची वाट बघणं. मीटिंग संध्याकाळी ठेवायची तर धार काढून, डेअरीला दूध घालून लोक येणार, म्हणजे साडेआठ-नऊ, आणि बायकांना बोलवायचं असेल तर ती वेळ पण चालत नाही, त्यांच्यासाठी दुपारी वेगळं जावं लागतं. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, त्या दिवशी सुट्टी विसरायची, कारण ठराव झाला तर तिथेच होतो.

पण एक सांगतो. पाण्यातला ऑक्सिजन तपासायची साधी पद्धत आहे ना, बाटलीत दोन औषधं टाकायची, ऑक्सिजन असला तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. एकदा घाटावर कपडे धुणाऱ्या एका मावशींसमोर आम्ही दोन बाटल्या ठेवल्या, एक वरच्या गावातली, एक तिथली. वरची चहासारखी तपकिरी झाली. तिथली दुधासारखी पांढरीच राहिली. मावशींनी बाटली उन्हात धरून बघितली, हलवून बघितली आणि एवढंच विचारलं, "म्हंजी ह्यात मासा जगायचाच नाय?" नंतर ग्रामसभेत पहिला प्रश्न त्यांनी केला. अंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन पाहिजे आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जो ऑक्सिजन खाते तो, ३ च्या आत पाहिजे हे मी त्याआधी वर्षभर पोस्टर लावून सांगत होतो, एकानेही विचारलं नव्हतं.

खालच्या अंगाचा:
ताई, मी त्याच पट्ट्यातला, ऊस आणि थोडी तरकारी. आमच्या चुलत्यांच्या वेळी नदीत वाम, मरळ घावायचे, आता हिवाळा संपला की जळपर्णीची चादर आणि संध्याकाळी डासांमुळं दारं लावून बसायचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी नदीला कुठं सुटतं, जे वाहतंय ते जास्त करून शहराचं सांडपाणीच, मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीचं पाणी उपसायची विहीर) शुद्ध केलेलं म्हणून जुन्या कालव्यात सोडतात ते पण त्यातलंच. २०१६ ला केंद्रानं जायकाचा, म्हणजे जपानच्या कर्जातला प्रकल्प मंजूर केला, सांडपाणी शुद्ध करायचे ११ नवे एसटीपी, तेव्हापासून ऐकतोय की नदी सुधारणार.
म्हणून एक विनंती, आम्हाला नदी साफ ठेवा असं सांगायला येऊ नका. पाचट जाळायचं बंद करा म्हणता ते मान्य आहे, मी स्वतः २ वर्षं कुजवतोय, जमीन भुसभुशीत झाली आणि पाण्याची पाळी लांबली, तिथं आमची चूक होती ती आम्ही सुधारतोय. पण नदीतली घाण आमची नाय. तुम्ही डेटावाल्या आहात ना, मग दर महिन्याला त्याच जागेवरचं, त्याच वेळेचं पाणी तपासून त्याचा तक्ता करा आणि तो पुण्यात नेऊन मांडा. आमचं तिथं कोण ऐकत नाय, तुम्ही तर तिथल्याच.

जमाखर्च:
वरचं सगळं पटलं, पण पैशाचं कुणीतरी बोलायला हवं. मी दोन छोट्या संस्थांचे हिशोब बघितलेत. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या समाजकामाला देतात तो पैसा बऱ्याचदा वर्षापुरता येतो, मार्चला संपतो आणि पुढचा हप्ता पावसाळ्यात कधीतरी, मधल्या महिन्यांत पगार कशातून देणार हे सरळ विचारा, विचारण्यात काही वाईट नाही. एका ठिकाणी माझ्या ओळखीच्या मुलाला ३ महिने पगार नव्हता आणि तो संकोचाने बोललाच नाही. पीएफ २० माणसांपासून सक्तीचा, लैंगिक छळाच्या तक्रारीची समिती १० पासून, म्हणजे ५-६ जणांच्या ग्रुपमध्ये यातलं काहीच नसू शकतं. तुम्ही रात्री नऊला गावातून एकट्या परत येणार, गाडी कुणाची, सोबत कोण हे आधी ठरवून कागदावर घ्या. गेल्या ३ वर्षांचे ऑडिट मागा. चांगला ग्रुप लगेच दाखवतो.

मुठाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं "तुम्ही तर तिथल्याच" वाचून बराच वेळ काही सुचलं नाही, कारण आमच्या सोसायटीचं सांडपाणी पण शेवटी तुमच्याच बाजूला येतं आणि गेलं वर्षभर मी तुमच्याकडे येऊन शाळेतल्या मुलांना स्वच्छता शिकवत होते. ऑडिट मागितले, त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवले. पगाराच्या मधल्या महिन्यांचं मात्र त्यांच्याकडे उत्तर नाहीये, ते त्यांनी सरळ सांगितलं. म्हणून ऑफिसात ४ महिन्यांची बिनपगारी रजा टाकलीये, फेब्रुवारी ते मे, म्हणजे नदी सगळ्यात वाईट असते तेव्हाच. दर महिन्याला पाणी तपासायला ८ जागा ठरवल्यात, पहिली विठ्ठलवाडीच्या घाटाजवळ, आमच्या घरापासून चालत जाण्याएवढी, शेवटची रांजणगाव सांडसला. आईला काल सांगितलं. ती म्हणाली पहिल्या दिवशी बाटल्या धरायला मी येते.