विषय: लार्झाकला गाडीशिवाय जाता येईल का?

प्रेषक: अ. दे., तुलूझ

नमस्कार मंडळी,

मी इथे मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात जोडून चार दिवस सुट्टी मिळतेय. दक्षिण फ्रान्समधलं लार्झाकचं पठार, ला कुव्हेर्तुआराद हे तटबंदीचं गाव आणि जमलं तर चीजसाठी प्रसिद्ध असलेलं रोकफोर, एवढं पाहायचं मनात आहे. पठाराच्या पायथ्याच्या मियो शहरापर्यंत रेल्वेने जाता येतं, पण पुढे काय? मला गाडी चालवता येत नाही. वर्गातल्या फ्रेंच मुली सरळ सांगतात, ‘स्तॉप कर’, म्हणजे रस्त्याकडेला उभी राहून लिफ्ट माग. आपल्यापैकी कुणी असं फिरलंय का?

---

प्रेषक: मी. जो., मोंपेलिये

अगं, जरूर जा. आणि जमेल तिथे स्तॉप करूनच जा.

आम्ही दोनदा आपली गाडी घेऊन तिकडे जाऊन आलो होतो. सुंदर, ओसाड माळ, एवढंच लक्षात राहिलं. गेल्या मे महिन्यात मात्र मी एकटीच तीन दिवस लिफ्ट घेत फिरले, आणि मग कळलं की हा माळ माणसांनी झगडून राखलाय आणि ती माणसं अजून त्याच रस्त्यांवरून ये-जा करतात.

मियोहून जुना हमरस्ता वळणं घेत वर चढतो. गावाबाहेरच्या शेवटच्या चौकापुढे उभी राहिले, गाड्यांचा वेग कमी असतो तिथे. पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं होतं, ‘ला काव्हालरी’, हे पठारावरचं गाव. वीसेक मिनिटांनी एक नर्सबाई थांबल्या. त्या घरोघर जाऊन इंजेक्शनं देतात, मलमपट्ट्या करतात. कुठल्या घरात बारा महिने चूल पेटते आणि कुठल्या घराच्या खिडक्या फक्त ऑगस्टात उघडतात, हे त्यांनी बोट दाखवून सांगितलं.

वर पोचलीस की वाहतं पाणी दिसायचं नाही. सगळा चुनखडीचा दगड, पाऊस पडला की आत मुरतो. म्हणून मेंढ्यांसाठी परातीसारखे उथळ, दगडांनी फरसबंद केलेले पाणवठे आहेत, त्यांना लाव्होन्य म्हणतात. ला कुव्हेर्तुआरादच्या तटाबाहेरचा नक्की बघ. हे गाव बाराव्या शतकात टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या सरदारांचं. १३१२ मध्ये त्यांचा पंथ बरखास्त झाला, जहागीर हॉस्पिटलर या तशाच दुसऱ्या पंथाकडे गेली, आणि आज दिसतो तो तट त्यांनी पंधराव्या शतकात बांधला. दारांवर सूर्यासारखं वाळलेलं मोठं काटेरी फूल ठोकलेलं दिसेल. ते कार्दाबेल. हवा दमट झाली की मिटतं, म्हणून लोक त्यावरून पावसाचा अंदाज घेतात. हे मला एका आजोबांनी सांगितलं. त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर कुत्रा होता, त्यामुळे मी मागे पोत्यांशेजारी बसले होते.

पण खरी गोष्ट परतीच्या वाटेवरची. फाट्यावर चाळीस मिनिटं उभी होते. साठीच्या पुढचा एक मेंढपाळ थांबला. कुठची, विचारलं. म्हटलं, भारतातली. भारतात कुठे? माझं माहेर वर्ध्याचं, पण इथे कुणाला काय कळणार, म्हणून नागपूरजवळ म्हटलं. मग सहज वर्ध्याचं नाव घेतलं. त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, “वार्दा? गांधींचं?”

मग त्याने सगळी हकिगत सांगितली. ऑक्टोबर १९७१ मध्ये सरकारने जाहीर केलं की इथला लष्करी तळ ३,००० हेक्टरांवरून १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवायचा. पुढच्या वर्षी मार्चमध्ये १०३ शेतकऱ्यांनी एकत्र सही करून शपथ घेतली, जमीन विकणार नाही. त्याच सुमारास इटलीत जन्मलेले गांधीवादी लांझा देल वास्तो यांनी ला काव्हालरीत पंधरा दिवस उपोषण केलं. हे गृहस्थ १९३७ मध्ये गांधीजींजवळ वर्ध्याला राहून गेलेले. ‘शांतिदास’ हे नाव त्यांना गांधीजींनीच दिलं. लार्झाकच्या शेतकऱ्यांनी अहिंसेचा मार्ग धरला, त्यात या उपोषणाचा मोठा वाटा. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यांनी साठ मेंढ्या थेट पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली चरायला सोडल्या. पुढे ट्रॅक्टरचे मोर्चे निघाले. पठारावरच्या ला ब्लाकिएर वस्तीत बांधकामाची परवानगी नसताना हजारो स्वयंसेवकांनी मेंढ्यांचा भला मोठा दगडी वाडा उभारला. दहा वर्षं हे चाललं. १९८१ मध्ये मितराँ अध्यक्ष झाले आणि त्यांनी योजना रद्द केली.

तो मेंढपाळ तेव्हा पोरगा होता, वडिलांच्या ट्रॅक्टरवर बसून मोर्चाला गेलेला. वर्ध्यात मी शाळेत असताना सहलीला सेवाग्रामला कितीदा गेले, बापूकुटीसमोर बसून डबा खाल्ला. तिथून निघालेली गोष्ट फ्रान्सच्या माळरानावर एका मेंढपाळाच्या तोंडून ऐकायला मिळेल, असं स्वप्नातही आलं नसतं. मी रडले, खोटं कशाला सांगू?

— मी. जो.

---

प्रेषक: व. कु., लियाँ

ताई, वाचून भरून आलं. पण एकटी पोर, अनोळखी गाडी! तिच्या आईवडिलांच्या जागी मी असतो तर मला झोप लागली नसती. यावर काही सांगाल का?

---

प्रेषक: मी. जो., मोंपेलिये

काका, काळजी रास्त आहे, म्हणून नीट लिहिते.

ग्रामीण फ्रान्समध्ये ‘रेझो पूस’ नावाची सोय आहे. पूस म्हणजे अंगठा. २०१० मध्ये मुआसाक गावाकडून सुरू झाली. चालक आणि प्रवासी आधी ओळखपत्र देऊन नोंदणी करतात, आणि ठरावीक थांब्यांवर तशा पाट्या असतात. तुझ्या वाटेवरच्या कुठल्या गावांत थांबे आहेत, ते आधी बघून घे गं.

बाकी माझे नेम असे. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो घरी पाठवायचा, आणि तेही चालकाच्या देखत. चांगल्या माणसाला त्याचं वाईट वाटत नाही. मन कचरलं तर “नको, धन्यवाद” म्हणून मागे सरकायचं, कारण द्यायची गरज नाही. बॅग डिकीत टाकायची नाही. ऑटोरूटवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर, उभं राहायला कायद्यानेच मनाई आहे. सूर्य कलला की थांबायचं, म्हणून रात्रीची खोली आधीच ठरवलेली हवी. आणि मैत्रीण बरोबर येत असेल तर दोघी जा, त्यात कमीपणा काही नाही.

रोकफोरसाठी अर्धा दिवस ठेव. चीज लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या दुधाचं, आणि मुरतं कोंबालूच्या डोंगरातल्या गुहांत. डोंगराला नैसर्गिक भेगा आहेत, त्यांना फ्लरीन म्हणतात. त्यांतून वारा खेळतो, गारवा आणि ओल टिकून राहते. १९२५ मध्ये कायद्याने नावाचं संरक्षण मिळालेलं हे फ्रान्समधलं पहिलं चीज. सैन्याला जमीन गेली असती तर या मेंढ्यांचं चराऊ रानच गेलं असतं.

तळघरात मे महिन्यातही हुडहुडी भरते, स्वेटर ने. आणि ला ब्लाकिएरला गेलीस तर इथे सविस्तर लिही. त्या दिवशी उशीर झाल्यामुळे मी तो वाडा रस्त्यावरूनच पाहिला, आत जायचं राहिलंय.

— मी. जो.