मॉडेल १९ की मॉडेल २८? 'के-फ्रेम फुटते' म्हणणाऱ्यांसाठी

ह्यूस्टनचे नाना

परवा मिहीर_डॅलसने इथे साधा प्रश्न विचारला होता. दुकानात दोन जुनी स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्वरं आहेत, दोन्ही .३५७ मॅग्नम या जोरदार गोळीची, दोन्ही चार इंची नळीची. एक मॉडेल १९, के-फ्रेम, म्हणजे मधल्या आकाराच्या सांगाड्याचं. दुसरं मॉडेल २८, एन-फ्रेम, म्हणजे मोठ्या सांगाड्याचं, आणि ते पन्नास डॉलरने स्वस्त. कुठलं घेऊ? त्यावर मॅग्नमराव यांनी दोन ओळींत निकाल लावला: "एन-फ्रेमच घे. के-फ्रेम मॅग्नमला फुटते, ते बायकांचं खेळणं आहे." खाली सात जणांनी माना डोलावल्या. रात्री झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

काय फुटतं ते तरी सांगा राव. फ्रेम फुटत नाही. नळीचं मागचं तोंड, म्हणजे फोर्सिंग कोन, के-फ्रेममध्ये खालच्या बाजूने घासून सपाट केलेलं असतं. एवढ्याशा जागेत सिलिंडर मिटायला वाट हवी ना. तिथे लोखंड पातळ. १२५ ग्रेनच्या हलक्या तिखट गोळ्या शेकड्यांनी झाडल्या की घड्याळात सहाचा आकडा असतो नेमक्या त्या जागी चीर पडते. १५८ ग्रेनची जड गोळी वापरा, सरावाला त्याच रिव्हॉल्वरमध्ये चालणारी मऊ .३८ स्पेशल वापरा, नातवापर्यंत पुरेल.

मुळात ते जन्मालाच तसं आलंय. बॉर्डर पेट्रोलचे बिल जॉर्डन स्मिथच्या मागे लागले, तेव्हा १९५५ च्या सुमारास मधल्या फ्रेममध्ये .३५७ बसवली गेली. हेतू एवढाच की दिवसभर कमरेला जड होऊ नये. २८ हे जवळपास दीडशे ग्रॅमने जास्त. दीडशे ग्रॅम म्हणजे काय ते तराजूवर कळत नाही. सकाळी आठला पट्टा बांधा आणि संध्याकाळी सहाला कंबरेला विचारा.

माझं १९ सत्तरच्या दशकातलं आहे, नळीला पिन असलेलं. नेमबाजीचा क्लब आठवड्यातून एकदा, बावीस वर्षं. कुठे काही फुटलेलं नाही.

मॅग्नमराव

नाना, निबंध छान. पण वाद तुम्हीच हरलात. ही गोळी चालेल, ती चालणार नाही, सरावाला वेगळं, सणावाराला वेगळं. रिव्हॉल्वर घेतलंय की मधुमेह झालाय?

सरावाला मऊ आणि कामावर तिखट, याचं काय होतं ते १९७० मध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉलला दिसलं. हायवे पेट्रोलचे चार जवान एका रात्रीत गेले. त्यानंतर पोलीस खात्यांनी सरावालाही कामावरच्याच गोळ्या द्यायला सुरुवात केली आणि तुमच्या लाडक्या के-फ्रेम खिळखिळ्या व्हायला लागल्या. १९८० च्या आसपास कंपनीने मुकाट्याने के आणि एन यांच्या मधली, जास्त दणकट एल-फ्रेम काढली. सगळं ठीक होतं तर ती कशाला काढली? हौस म्हणून?

२८ म्हणजे हायवे पेट्रोलमन. हाडं कंपनीच्या चकचकीत मॉडेल २७ चीच, फक्त वरचं पॉलिश नाही. .४४ मॅग्नम ज्या फ्रेमवर बसते तीच ही. .३५७ गिळून ढेकरही देत नाही.

शर्वरी_ओहायो

'बायकांचं खेळणं' इथपर्यंत वाचलं आणि चहा बाजूला ठेवला.

नवऱ्याकडे २८ आहे. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा माझ्या तर्जनीचं टोक चापाला जेमतेम लागलं. घोडा न ओढता नुसत्या चापाने सहाच्या सहा झाडायच्या तर मूठ हातात फिरवून धरावी लागली. मग धक्का तळव्यात न बसता अंगठ्याच्या बुडाशी बसायला लागला. तिसऱ्या गोळीला साल निघालं. मॉडेल १९ वर हेच बोट आपोआप जागेवर येतं. यात बाईमाणसाचा काय संबंध? माझे सासरे सहा फुटी आहेत, हात माझ्यापेक्षा लहान. त्यांनाही २८ पोचत नाही, फक्त ते बोलत नाहीत.

मिहीर, दोन्ही रिकामी आहेत याची खात्री करून हातात धर. बोट पोचत नसेल तर पन्नास डॉलर वाचवून उपयोग नाही.

मॅग्नमराव

ताई, मूठ बदलून मिळते. बाजारात शंभर प्रकार आहेत.

शर्वरी_ओहायो

मागचं लोखंड उघडं ठेवणारी मूठ लावली की थोडा फरक पडतो, कबूल. पण फ्रेमच मोठी आहे ती कशाने बारीक करणार, कानसीने? आणि 'ताई' म्हणून समजूत घालू नका. नेमबाजीच्या गुणपत्रिका टाकू का दोघांच्या?

शब्दवेडा

वरच्या मूळ धाग्यात तिघांनी 'घोडा दाबला' लिहिलंय. दाबतात तो चाप, आपटतो तो घोडा. शर्वरी यांनी बरोबर लिहिलं म्हणून बरं वाटलं. बाकी चालू द्या.

कोथरूडकर

प्रश्न असा आहे की घरात दोन लहान मुलं असताना हे आणायचंच कशाला? आम्ही पन्नास वर्षं कुलूप आणि शेजाऱ्यांवर काढली.

ह्यूस्टनचे नाना

तो वेगळा धागा आहे, तिथे येऊन भांडेन. इथे प्रश्न १९ की २८. तिजोरी, मुलं, चावी कुणाकडे, सगळं माझ्या घरात ठरलेलं आहे. तुमच्या कुलपावर मी बोलतोय का?

एचवन_आणि_एकटा

आम्ही व्हिसावाले नुसते वाचणार. एच-वनवर विकत घेता येत नाही ना?

ह्यूस्टनचे नाना

सर्वसाधारणपणे नाही. शिकारीचं चालू लायसन्स असेल तर कायद्यात सवलत आहे. पण ग्रीनकार्डच्या रांगेत उभं असताना खरेदीच्या वेळी भरायच्या फॉर्म ४४७३ वर एक खूण चुकली तर काय होईल याचा विचार करा. मी तुमच्या जागी कॅमेरा घेतला असता.

करवीरकर

तुमचं चाललंय ते बघून हसू येतंय आणि पोटात दुखतंय. दुकानात जायचं, दोन ठेवलेली, त्यातलं निवडायचं! आमच्याकडे आजोबांची .३२ वेब्ली आहे. फ्रेम लहान की मोठी हे विचारायची सोय नाही, जी आहे तीच. ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची आयात थांबली, तेव्हापासून असल्या जुन्या वस्तूचा भाव काय झालाय ते तुमच्या डॉलरमध्येही बसणार नाही.

आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा करा. २०२४ मध्ये लोकसभेला एकदा, विधानसभेला पुन्हा. एकदा ऐन पावसाळ्यात ठाण्यातून परत आणली तर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. फ्रेमच्या डाव्या बाजूला कुणाच्या तरी अंगठ्याचा गंजाचा ठसा, रेषांसकट. ऐंशी वर्षं आजोबांनी आणि वडिलांनी तेलाच्या फडक्याने पुसलेली वस्तू. मी विचारलं, हे काय? उत्तर मिळालं, "वापरता थोडीच?"

वकीलसाहेब

करवीरकर, सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करून घेणं बरोबर नाही हे मुंबई हायकोर्टाने आधीच सांगितलंय. छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले, अशांची जमा करायची असतात. तुम्ही अर्ज द्यायला हवा होता.

करवीरकर

दिला. अर्ज घेणाऱ्याने त्याच कागदावर चहाचा कप ठेवला.

वकीलसाहेब

पोच घेतलीत का?

करवीरकर

साहेब, तुम्ही कधी ठाण्यात लायसन्सदार म्हणून गेलायत का? वकील म्हणून नाही. लायसन्सदार म्हणून. तिथे आपण अर्धे आरोपीच असतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने माणशी हत्यारं तीनवरून दोनवर आणली, तेव्हा आमच्या चुलत्यांना बारा बोअर द्यावी लागली. शेतात रानडुकरं येतात तेव्हा छाननी समिती येत नाही.

वकीलसाहेब

त्याच दुरुस्तीने लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, तेही सांगा की. सोयीचं तेवढंच आठवतं.

करवीरकर

बरं, पाच वर्षं. उपकार झाले. म्हणजे नूतनीकरणाच्या खेपा कमी आणि निवडणुकीच्या तेवढ्याच.

सातारी_तात्या

आमच्या ठाण्यात व्यवस्थित कपाट आहे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधतात. सगळे पोलीस सारखे नसतात. मी ग्रीस लावून, मेणकापडात बांधून, वर दोरीची गाठ मारून देतो. माझी चूक आणि त्यांची चूक यात फरक राहतो.

करवीरकर

तात्या, म्हणजे गंज ही माझी चूक? वा!

मॅग्नमराव

करवीरकरांशी पहिल्यांदाच सहमत. मात्र त्यांची वेब्ली एन-फ्रेमएवढी असती तर हवालदाराने गोणपाटात गुंडाळलीच नसती, दाराला टेकू म्हणून लावली असती.

शर्वरी_ओहायो

मॅग्नमराव, एन-फ्रेमचा एक उपयोग शेवटी सापडला तर.

मिहीर_डॅलस

मूळ प्रश्न माझा होता, कुणाला आठवत असेल तर. काल दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने आणि मी दोघांनी सिलिंडर उघडून रिकामं असल्याचं बघितलं. मग नानांनी व्यनिमध्ये लिहिलं होतं तसं केलं. सिलिंडरला एका बोटाने हलकी अडवणूक करत घोडा अगदी सावकाश मागे ओढला. १९ मध्ये सहाही घरं घोडा पूर्ण मागे जाण्याआधी खटकन जागेवर बसली. २८ मध्ये दोन घरं बसलीच नाहीत. घोडा मागे अडकला तरी सिलिंडर अर्ध्या वाटेवर. बोटाने ढकललं तेव्हा खटका लागला. दुकानदार म्हणाला, "जोरात ओढलं की बसतं."

मग बॅटरी लावून १९ ची फोर्सिंग कोन बघितली, चीर नाही. वरच्या पट्टीवर ज्वाळेची बारीक खाच आहे, जुनी वाटते. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट पट्टी घालून मोजली, सहा हजारांश इंच. बाजूच्या झाकणाचे स्क्रूही कुणी बिघडवलेले नाहीत. घेतलं.

ह्यूस्टनचे नाना

शाब्बास. पेढे पाठवा.

मॅग्नमराव

ते एक २८ झिजलेलं निघालं, यावरून एन-फ्रेम वाईट ठरत नाही. शंभर डॉलरमध्ये कुणीही कारागीर नवीन हँड, म्हणजे सिलिंडर फिरवणारा आतला तुकडा, बसवून देतो. पण ठीक आहे, नापास वस्तू घेण्यापेक्षा पास झालेली बरी, एवढं मान्य. आता सांग, त्यात काय वापरणार आहेस?

मिहीर_डॅलस

.३८ स्पेशल. बायकोलाही शिकायचंय.

मॅग्नमराव

मग नुसत्या .३८ चं मॉडेल १० घ्यायचं होतं, स्वस्तात पडलं असतं! .३५७ घेऊन .३८ झाडणार. नाना, हा तुमचाच शिष्य.

ह्यूस्टनचे नाना

हो, माझाच. आणि ते 'बायकांचं खेळणं' तुम्ही अजून मागे घेतलेलं नाही.

मॅग्नमराव

शर्वरी यांच्या गुणपत्रिका येऊ द्या, मग बघू.

सातारी_तात्या

करवीरकर, चिडू नका हो. तो ठसा निघतो. गोड्या तेलाने नाही, बंदुकीच्या तेलात भिजवलेल्या बारीक कांस्याच्या लोकराने, हलक्या हाताने. जास्त घासलं तर निळाई जाईल.

करवीरकर

निघत असेल. वडील म्हणतात राहू दे, कधी कोर्टात गेलोच तर तेवढाच पुरावा.