अलिबागचा कुलाबा किल्ला: मुलांना घेऊन चालत जाता येतं का?

डोंबिवलीची_सून:
डिसेंबरात अलिबागला जातोय. मुलं ७ आणि ११ वर्षांची, सोबत सासूबाई. मुलांना नुसती तटबंदी दाखवली की लगेच "आता काय?" सुरू होतं. तिथे करण्यासारखं काही आहे का? आणि समुद्रातून चालत जातात म्हणे, खरंय?

खडपावरचा:
खरंय, आणि चालतच जा. फक्त दिवस तिथी बघून ठरवा, शनिवार-रविवार बघून नको. आमच्याकडचा ढोबळ हिशेब असा: तिथी गुणिले पाऊण म्हणजे भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊच्या सुमारास. पुनवेनंतरचं उधाण असतं, त्यामुळे पाणी लांब हटतं. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा नीट वाट मिळेलच असं नाही. संकष्टी साधलीत तर आतल्या सिद्धिविनायकाचं दर्शनही होईल. देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. गर्दी असेल, पण सासूबाई खूश!

ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरलं की लगेच परता. पोरांना खडपांवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरच्या, डबक्यांत रमू द्या. खेकडे दिसतील, बोट लावताच मिटणारी समुद्रफुलं दिसतील. अनवाणी मात्र अजिबात नको. कालवांच्या शिंपल्या पात्यासारख्या लागतात आणि शेवाळावर सपाटून आपटायला होतं. जुने बूट घाला.

आत उत्तरेच्या तटाशी चाकांच्या गाड्यावर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलंय. मोठ्याला ते शोधायला सांगा.

मामेभाऊ:
स्नॉर्केलिंगचं काय? आम्ही मालवणला केलं होतं, सिंधुदुर्गाजवळ.

खडपावरचा:
ते मालवणलाच करा भाऊ. आमचं पाणी गढूळ, मास्क लावून स्वतःचा हात दिसला तरी खूप. इथे पर्याय म्हणजे जवळच्या थळ गावाहून होडीने खांदेरी, तो बेटावरचा किल्ला. तिथे एक धोंडा आहे, दगडाने वाजवला की भांड्यासारखा खणखणतो. पोरं हलत नाहीत तिथून.

डोंबिवलीची_सून:
सासूबाईंचे गुडघे दुखतात हो. वाळूतून चालणं जमेल?

खडपावरचा:
काकूंना घोडागाडीत बसवा, किनाऱ्यावरच मिळते. जाऊन-येऊन किती ते चढण्याआधीच ठरवा. आणि तिथीचा हिशेब अंदाजापुरता, निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच.